आवाज टॅपेटचाच आहे का?

ऑस्ट्रेलियात आपल्या लोकांकडे जुन्या व्हॅन बऱ्याच आहेत. कुणी शनिवार-रविवार कॅम्पिंगला जायला घेतलेली असते, कुणी डबे पोहोचवायला, तर एखादीतून वर्षातून एकदा गणपतीत ढोल-ताशे वाहून नेले जातात आणि बाकी अकरा महिने ती ड्राइव्हवेवर उभी असते. वीस-पंचवीस वर्षांची ही व्हॅन एका सकाळी सुरू केली की आतून ‘टिक टिक टिक टिक’ असा शिवणयंत्रासारखा आवाज येऊ लागतो. मग मालक तीनांपैकी एक वाट धरतो. दुकानातून ‘लिफ्टर शांत करणारी’ बाटली आणून इंजिनात ओततो, किंवा गॅरेजवाल्याच्या ‘लिफ्टर गेलेत, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला’ या वाक्यावर विश्वास ठेवून व्हॅन भंगारात देतो, किंवा रेडिओचा आवाज वाढवतो.

या तिन्ही वाटांवर एक पायरी गाळली जाते, ती म्हणजे निदान. आवाज कुठून येतो आणि का येतो हे कुणी शोधलेलंच नसतं. माझं मत असं, की नवा भाग विकत घेण्याआधी निदानाला वेळ द्यावा, आणि स्वतःला जमत नसेल तर मेकॅनिकला फक्त निदानासाठी तासाचे पैसे द्यावेत. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ ही आपली सवय इथे फार महागात पडते. बघण्याचे पैसे मिळणार नसतील तर मेकॅनिक बघणार नाही, सरळ भाग बदलेल. त्यात त्याचा दोष नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथला मेकॅनिक ज्याला ‘लिफ्टर’ म्हणतो त्याला पुण्या-कोल्हापूरचा मिस्त्री ‘टॅपेट’ म्हणतो. इंजिनातला कॅम फिरतो, त्याचा उंचवटा टॅपेटला ढकलतो, आणि ती ढकल पुढे झडपेपर्यंत पोहोचून झडप उघडते. झडप तापली की लांब होते. पोलादाची १० सेंटिमीटर लांबीची झडप सरासरी ३०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ०.३६ मिलिमीटरने वाढते. तिच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेडही वाढतं, पण वेगळ्या प्रमाणात. ही वाढ सामावून घ्यायला थंड इंजिनात थोडी फट ठेवावी लागते. फट कमी पडली तर झडप पूर्ण मिटत नाही आणि जळते. फट जास्त झाली तर प्रत्येक वेळी धातूवर धातू आपटतो, आणि तोच तो टिक टिक आवाज.

आकुर्डीला बनणारी टेम्पो मॅटाडोर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘टॅपेट सेटिंग’ आठवत असेल. नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या आराखड्यावरचं ओएम ६१६ डिझेल इंजिन असायचं. ठराविक किलोमीटरनंतर मिस्त्री वरचं झाकण उघडायचा, फीलर गेजची पातळ पट्टी फटीत सरकवायचा आणि दोन पान्यांनी फट नेमकी करायचा. हे काम वारंवार करावं लागू नये म्हणून हायड्रॉलिक टॅपेट आला. कॅडिलॅकच्या १९३० च्या सोळा सिलिंडरच्या मोटारीत तो होता. आपल्याकडच्या बुलेटलाही बऱ्याच उशिराने तो मिळाला आणि तिथल्या जुन्या मिस्त्रींनी नाकं मुरडली.

हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं एक भांडं. त्यात एक दट्ट्या, दट्ट्याखाली स्प्रिंग, आणि एका छोट्या पोलादी गोळीची एकमार्गी झडप. इंजिनाची झडप मिटलेली असते तेव्हा स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलून सगळी फट भरून काढते, आणि खाली झालेल्या रिकाम्या जागेत गोळीच्या बाजूने तेल शिरतं. कॅमचा दाब आला की गोळी भोक बंद करते आणि तेल आत कोंडलं जातं. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, त्यामुळे त्या क्षणी टॅपेट घन पोलादी कांडीसारखा वागतो. दर वेळी थोडंसं तेल दट्ट्याच्या कडेने निसटतं आणि पुढच्या फेरीत पुन्हा भरतं. म्हणून झडप गरम होऊन लांब झाली तरी टॅपेट आपोआप तेवढा आखूड होतो. दट्ट्या आणि भांडं यांच्यातली जागा काही मायक्रॉनचीच असते. या एवढ्याशा वस्तूतली कारागिरी मला इंजिनातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आवडते.

यावरून टॅपेट का वाजतो हे आपोआप कळतं. त्याच्यापर्यंत तेल पुरेसं पोहोचत नसेल. तेलात हवा मिसळली असेल, कारण हवा दाबली जाते आणि मग टॅपेट स्पंजासारखा बसतो. गोळीखाली कचरा अडकला असेल. किंवा दट्ट्या आणि भांडं खरोखर झिजले असतील. या चारांपैकी नवा टॅपेट लागतो तो मुख्यतः शेवटच्या कारणाला. पहिल्या दोन कारणांत कितीही महागडे नवे टॅपेट घाला, आवाज येतच राहील.

ऑस्ट्रेलियात हा आवाज ज्या व्हॅनमध्ये फार ओळखीचा आहे ती मित्सुबिशीची. आधी एल-३०० आणि नंतर एक्सप्रेस या नावांनी ती इथे विकली गेली, आणि नवी गाडी २०१३ पर्यंत मिळत होती. तिच्यातल्या ४जी६३ आणि ४जी६४ या इंजिनांत टॅपेट कॅमवर बसत नाहीत. रॉकरच्या झडपेकडच्या टोकात छोटे हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर असतात. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे आवाज अक्षरशः बुडाखालून येतो आणि आहे त्यापेक्षा भयंकर वाटतो. दुसरी व्हॅन म्हणजे फोक्सवॅगनची १९८० च्या दशकातली, पाण्याने थंड होणाऱ्या आडव्या इंजिनाची. तिचे टॅपेट आडवे पडलेले असतात. काही आठवडे उभी राहिली की त्यांतलं तेल निथळतं आणि सुरू केल्यावर बराच वेळ ती खडखडते. म्हणजे गणपतीतून गणपतीत चालणाऱ्या व्हॅनने पहिली पाच-दहा मिनिटं कुरकुर केली, तर तो आजार समजायचं कारण नाही.

आता निदान. सुरुवात फुकटातल्या तपासणीने करावी. सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक बघा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो हे सगळ्यांना माहीत असतं. तेल खुणेच्या बरंच वर असेल तर फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो आणि टॅपेटमध्ये तो फेस जातो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना एका गॅरेजने इंजिन बदलायचा सल्ला दिला होता. त्या व्हॅनमध्ये आधीच्या सर्व्हिसला दीडेक लिटर तेल जास्त भरलं होतं. जास्तीचं तेल काढल्यावर दोन दिवसांत आवाज गेला. सुरू केल्यावर काही सेकंदच आवाज येऊन थांबत असेल तर ऑइल फिल्टरकडे बघा. फिल्टरमधला रबरी पडदा बंद इंजिनात तेल मागे निथळू देत नाही. स्वस्त फिल्टरात तो लवकर कडक होतो.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिला फक्त फोन लागतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर आयडल चालत असेल तर एखादी झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते, म्हणजे दर ०.१५ सेकंदाला एकदा. क्रँकच्या प्रत्येक फेरीला होणारा आवाज त्याच्या दुप्पट वेगाने, दर ०.०७५ सेकंदाला येतो. फोनवर दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा आणि दोन टोकदार लाटांमधलं अंतर मोजा. ०.१५ च्या आसपास असेल तर आवाज झडपांच्या बाजूचा असण्याची शक्यता वाढते. निम्मं असेल तर क्रँक किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा. मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही. सैल झालेला पिस्टनही निम्म्या वेगाने वाजू शकतो, आणि दोन टॅपेट एकदम वाजत असतील तर मोजमाप फसतं. म्हणून पुढची परीक्षा घ्यावी लागते. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर काढून बघायची. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की बेअरिंग किंवा पिस्टनचा आवाज बदलतो. टॅपेटला स्फोटाशी देणंघेणं नसतं, त्याचा आवाज तसाच राहतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गॅस्केट फुटला तरी हुबेहूब टॅपेटसारखाच आवाज येतो. फरक असा, की चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि लोखंड तापून फट मिटली की बहुतेकदा कमी होतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकण्याची जुनी मिस्त्री पद्धत इथे कामी येते. डॉक्टरचा स्टेथोस्कोप आणि ही पद्धत यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. केस, ओढणी, बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा, एवढं सांभाळा.

यानंतर मात्र पैसे लागतात. तेलाच्या दाबाच्या सेन्सरच्या जागी साधा यांत्रिक गेज लावून इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला दाब किती येतो ते बघणं. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि याच टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात. दाब मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खाली असेल तर दोष पंपाचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा आहे, टॅपेट फक्त तक्रार नोंदवतोय. अशा इंजिनात नवे टॅपेट घालणं म्हणजे टाकीत पाणी नसताना नळ बदलणं. दाब ठीक असेल तरच रॉकर कव्हर उघडायचं, आणि ज्या सिलिंडरच्या झडपा मिटलेल्या आहेत तिथला प्रत्येक अ‍ॅडजस्टर दाबून बघायचा. चांगला असेल तो कडक लागतो. बिघडलेला शिळ्या स्पंज केकसारखा खाली जातो.

बाटलीबद्दल मला फारसं चांगलं बोलता येत नाही. गोळीखाली कचरा अडकलेला असेल तर साफ करणारं रसायन कधी कधी काम करतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं शाळा, दुकान, शाळा अशा छोट्या फेऱ्या केलेल्या इंजिनात काळा चिकट गाळ साचलेला असतो. तो एकदम सुटला तर पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि टॅपेटच्या दुखण्याचं बेअरिंगचं दुखणं होतं. त्यापेक्षा योग्य जाडीचं चांगलं तेल घालून दीड-दोन हजार किलोमीटरनंतर ते फिल्टरसकट पुन्हा बदलावं. गाळ हळूहळू निघतो. जुनं तेल बहुतेक कौन्सिलांच्या कचरा केंद्रावर घरगुती प्रमाणात घेतात. बागेत ओतू नका, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

‘एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला’ या वाक्याकडे पुन्हा येतो. त्यात एक तथ्य आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. मित्सुबिशी एक्सप्रेसला ऑस्ट्रेलियाच्या अपघात चाचणीत, म्हणजे एएनकॅपमध्ये, एकच तारा मिळाला होता. ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नसतं. घरातली पोरं रोज त्यातून जाणार असतील तर व्हॅन काढायला हे कारण पुरेसं आहे. पण मग त्या कारणाने काढा. टिक टिक ऐकून घाबरून नको.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या गाड्या हा इथे अपवाद नाही. २०२१ च्या जानेवारीतल्या सरकारी गणनेत देशातल्या नोंदणीकृत वाहनांचं सरासरी वय १०.६ वर्षं होतं. फोर्डने २०१६ मध्ये आणि टोयोटा व होल्डनने २०१७ मध्ये इथलं मोटार उत्पादन बंद केलं. मित्सुबिशीचा अ‍ॅडलेडचा टॉन्सली पार्क कारखाना त्याआधीच, २००८ मध्ये, बंद पडला होता. इंजिनं आतून ओळखणाऱ्या माणसांची एक अख्खी पिढी त्यामुळे पांगली. त्यांतले काही उपनगरांतल्या मेन्स शेडमध्ये सापडतात, चहा पीत लाकडी खेळणी बनवताना. त्यांना टॅपेटबद्दल एक प्रश्न विचारा आणि दुपार मोकळी ठेवा.

दुरुस्तीच्या हक्काचा इथला कायदा १ जुलै २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार मोटार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही रास्त दरात द्यावी लागते. कायदा चांगलाच आहे. पण तो १ जानेवारी २००२ नंतर बनलेल्या वाहनांपुरता आहे. नव्वदच्या दशकातली व्हॅन त्यात बसत नाही, आणि गंमत म्हणजे तिला त्याची तेवढी गरजही नाही. तिच्यात कुलूपबंद सॉफ्टवेअर नाही. ग्रेगरीज किंवा हेन्सचं छापील मॅन्युअल लायब्ररीत नाही तर एखाद्या ऑप शॉपमध्ये मिळून जातं. त्यात बोल्ट किती घट्ट आवळायचा, कुठल्या क्रमाने आवळायचा, सगळं लिहिलेलं असतं. हे ज्ञान कुणी आपल्यापासून लपवलेलं नाही. आपणच ते वाचत नाही. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेले आपण किती जण आहोत, आणि त्यांतल्या किती जणांनी रॉकर कव्हर उघडून पाहिलंय? हात काळे करणं म्हणजे कमी दर्जाचं काम ही समजूत आपण विमानातून बरोबर आणली. इथे मेकॅनिक होण्यासाठी साधारण चार वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि चांगल्या मेकॅनिकला लोक डॉक्टरसारखी आगाऊ वेळ मागतात.

तर, सगळ्या तपासण्या होऊन टॅपेटच झिजलेले निघाले, तर बदला. पण मग सगळे एकदम बदला. चार अ‍ॅडजस्टर स्पंजासारखे लागले म्हणून चारच बदलण्याची काटकसर मला पटत नाही. उरलेल्यांनी तेवढेच किलोमीटर काढलेले असतात, आणि झाकण उघडून रॉकर शाफ्ट काढण्याची मजुरी चाराला आणि सगळ्यांना सारखीच. टायमिंग बेल्ट बदलून किती दिवस झाले तेही त्याच वेळी बघून घ्या. या इंजिनांत बेल्ट तुटला तर पिस्टन झडपांवर आपटतो, आणि मग टॅपेटची चर्चा राहत नाही.

कॅमला थेट घासणारे सपाट टॅपेट असतील, जसे फोक्सवॅगनमध्ये असतात, तर आणखी एक गोष्ट तपासा. त्यांचा ‘सपाट’ तळ खरं तर किंचित फुगीर असतो, त्यामुळे ते काम करताना स्वतःभोवती फिरतात आणि झीज सगळीकडे वाटली जाते. बाहेर काढलेल्या टॅपेटचा तळ बशीसारखा खोलगट दिसला तर त्याच्यासमोरचा कॅमचा उंचवटाही झिजला आहे असं समजा. झिजलेल्या कॅमवर नवा टॅपेट टिकत नाही. अशा इंजिनांना तेलातलं जस्त आणि फॉस्फरस असलेलं संयुग वाचवतं. नव्या मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास होतो म्हणून पातळ तेलांतलं त्याचं प्रमाण २००४ च्या सुमारास बरंच कमी केलं गेलं. म्हणून सगळ्यात नवं आणि सगळ्यात महाग तेल जुन्या व्हॅनला सगळ्यात चांगलं असेलच असं नाही. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

मित्सुबिशीचे नवे अ‍ॅडजस्टर बसवण्यापूर्वी स्वच्छ डिझेलात बुडवून, वरच्या भोकातून बारीक तारेने गोळी अलगद दाबत दट्ट्या चार-सहा वेळा खालीवर करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. भांडं स्वच्छ, हात स्वच्छ, आणि लोकरीचे धागे सुटणारं फडकं नको. रॉकर परत चढवताना अ‍ॅडजस्टर खाली गळून पडतात. त्यांना धरून ठेवायचं खास हत्यार मिळतं, पण पातळ केबल टाय किंवा चिकटपट्टीनेही भागतं. आवळून झाल्यावर ती काढायला विसरू नका. नंतर इंजिन सुरू केल्यावर पहिल्यापेक्षा जास्त खडखड ऐकू आली तर घाबरू नका. आत राहिलेली हवा अजून बाहेर पडायची असते. इंजिन गरम होऊ द्या. मग आयडलवरून अर्ध्या मिनिटात हळूहळू ३००० फेऱ्यांपर्यंत न्या, तसंच हळूहळू खाली आणा, आणि हे दहा-पंधरा वेळा करा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि रविवारी सकाळी सातला करू नका.